गाडी धावते, गाणी गायब

पहिल्या प्लेस्टेशनची माझी रेसिंगची डिस्क (खालून काळीभोर असायची ती) ओरखड्यांनी भरत चालली होती. नुकसान होऊ नये एवढ्यापुरती प्रोग्रामची प्रत ठेवायला १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं, म्हणून घरीच आयएसओ (डिस्कची एका फाइलमधली प्रत) काढली. बायोसही (कन्सोल सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) स्वतःच्याच कन्सोलमधून घेतलं. डकस्टेशनमध्ये (कॉम्प्युटरवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा प्रोग्राम) गेम सुरू झाला, पण गाणी गायब! नुसती इंजिनाची घरघर.

आयएसओत फक्त डेटा ट्रॅक येतो. या डिस्कवर संगीत ऑडिओ सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकवर होतं. मग बिन-क्यू प्रत काढली: बिन फाइलमध्ये सगळे ट्रॅक, क्यू फाइलमध्ये बिनचं नाव आणि ट्रॅकची यादी. तीही उघडेना. क्यू फाइल नोटपॅडमध्ये पाहिली तर पहिल्याच ओळीत बिनचं जुनं नाव. फाइलचं नाव बदलण्याचा शहाणपणा माझाच! ओळ सुधारली, आणि पहिल्या वळणाआधीच गिटार सुरू.