कूप तोडायच्या आधी: आखणी आणि मार्किंगमधल्या या चुका टाळा

जंगलात चेन-सॉ वाजायला लागला की लोक जागे होतात. फोटो निघतात, निवेदनं जातात, एखादी बातमीही छापून येते. तोवर ठरायचं ते ठरून गेलेलं असतं. कोणतं झाड पडणार हे मार्किंगच्या दिवशी, म्हणजे झाडांवर तोडीचं निशाण मारतात तेव्हा, ठरतं. कोणत्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या नंबर दिलेल्या कोणत्या तुकड्यात, पडणार हे तर त्याच्याही कितीतरी आधी, कार्य आयोजना (जंगलातल्या कामांचा आराखडा) लिहिली जाते तेव्हा ठरलेलं असतं. ही आयोजना साधारण दहा वर्षांसाठी असते. म्हणून वन्यप्राण्यांसाठी काही वाचवायचं असेल तर त्याची जागा मार्किंग रजिस्टरमध्ये आहे, लाकूड डेपोच्या फाटकावर नाही.

जंगलातलं एकही झाड तोडू नये, या मताचा मी नाही. आलापल्लीचा साग आणि बल्लारशाचा डेपो ही पूर्व विदर्भाची जुनी ओळख आहे. धान निघालं की कूपाच्या, म्हणजे त्या वर्षी तोडीला धरलेल्या जंगलाच्या तुकड्याच्या, कामावर कितीतरी घरांचं भागतं. पण तोड करायची ती कशी, हे शिकावं लागतं. ग्रामसभेच्या समितीतली पोरं, बीटवर नव्यानं आलेले वनरक्षक आणि जंगल कामगार सोसायटीचे मुकादम यांच्यासाठी हे लिहितो आहे.

अभयारण्याबाहेर सगळं चालतं, हा समज

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यातून मेलेलं, वाळलेलं किंवा वाऱ्यानं पडलेलं झाडसुद्धा हलवायला सर्वोच्च न्यायालयानं 14 फेब्रुवारी 2000 च्या आदेशानं मनाई केली. तिथं कूपाचा प्रश्नच येत नाही. गोंधळ होतो तो बाहेरच्या जंगलात. प्रादेशिक विभागाचं जंगल, वनविकास महामंडळाचं जंगल, ताडोबाच्या भोवतालचं बफर, इथं तोड होऊ शकते. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशापासून ती केंद्र सरकारनं मंजूर केलेल्या आयोजनेप्रमाणेच व्हावी लागते. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 हा काही अभयारण्याच्या फाटकाशी थांबत नाही. या कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी बिघडवणं येतं. ब्रह्मपुरी विभागात तर अभयारण्याची पाटी नसलेल्या जंगलात वाघिणी पिल्लं वाढवतात. वाघाला कक्ष क्रमांक कळत नाहीत.

आयोजनेत वन्यजीवांचं प्रकरण असतंच, आणि ते बाकी सगळ्या कामांना वरून लागू असतं. पण ते छापलेलं असतं पुस्तकाच्या मागच्या भागात. कूपावर जाताना झेरॉक्स काढली जाते ती झाडं कोणत्या घेरावर तोडायची त्या पानांची. मागची पानं ऑफिसच्या कपाटात राहतात. पहिला उपाय साधा आहे: दोन्ही प्रकरणांच्या प्रती एकाच फायलीत लावा आणि मार्किंग करणाऱ्याच्या हातात द्या. ग्रामसभेनंही हंगामाआधी कूपाचा नकाशा मागून घ्यावा. तोड सुरू झाल्यावर मागितलेल्या नकाशाचा उपयोग फक्त भांडणाला होतो.

कूप शेजारी-शेजारी लावणं

कागदावर कूप एकामागून एक लावले की काम सोपं होतं. रस्ता एक, मजूर एका जागी, देखरेख सोपी. पाच-सहा वर्षांनी मात्र एकाच बाजूचा मोठा पट्टा उघडा पडतो, आणि सांबर, रानगवा, अस्वल यांना लपायला जागा उरत नाही. मग ती शेताकडं सरकतात, आणि त्यांच्या मागं वाघ. म्हणून यंदाचा कूप आणि पुढच्या वर्षीचा कूप यांच्यामध्ये न तोडलेलं जंगल राहील असा क्रम लावा. आयोजनेत क्रम ठरून गेला असेल, तर निदान कूपाच्या आत दाट झाडोऱ्याचे तुकडे जागोजागी सोडा.

नाल्याचं तसंच. ट्रीटमेंट मॅपवर (कुठं काय काम करायचं ते दाखवणाऱ्या कूपाच्या नकाशावर) तीव्र उताराची जागा आणि नाल्याच्या दोन्ही काठांचा पट्टा हे संरक्षणासाठी वेगळे दाखवलेले असतात. पण नकाशावर निळ्या रेघेनं दाखवलेला नाला आणि प्रत्यक्षातला नाला यांत फरक असतो. छोट्या झोऱ्या, ओघळी नकाशात येतच नाहीत, आणि उन्हाळ्यात शेवटचं पाणी नेमकं अशाच एखाद्या डोहात उरतं. अर्जुन, जांभूळ, करंज दिसायला लागले की समजा, खाली ओल आहे. राखायच्या पट्ट्याचं माप तिथून धरा.

पोकळ झाडावर हातोडा मारणं

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं.

मार्किंग कसं चालतं ते पाहा. एकजण छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, टेप गुंडाळून घेर ओरडून सांगतो. दुसरा रजिस्टरमध्ये जात, घेर आणि नंबर लिहितो. तिसरा सालीचा तुकडा छिलून एक हातोडा छातीजवळ मारतो आणि एक बुडाशी, म्हणजे झाड पडल्यावर थुटावर निशाण उरतं. हे तिघंही खाली बघत असतात. वर कोणी बघत नाही.

ढोली, म्हणजे झाडातली पोकळी, असते वर.

निवड-सुधारणा या तोडीच्या पद्धतीत चांगली, वाढती झाडं राखायची आणि वाळकी, रोगट, वेडीवाकडी, पोकळ झाडं काढायची असं शिकवलेलं असतं. लाकडाच्या हिशेबानं ते बरोबरही आहे. पण धनेश, पिंगळे, पोपट, उडती खार, घोरपड, मधमाश्या यांचं घर म्हणजे नेमकं हेच झाड. सुधारणेच्या नावाखाली आपण आधी तेच उचलतो. आणि मिळतं काय? पोकळ मोईचं किंवा सालईचं इमारती लाकूड असं किती निघणार? बहुतेक माल जळाऊच्या थप्पीत जातो. ते झाड उभं ठेवलं तर महसुलाचं फारसं काही जात नाही, हे वरिष्ठांना आकड्यात दाखवता येतं. दाखवा.

दुसरी अडचण वेळेची आहे. राखी धनेशाची मादी मार्च ते जूनच्या दरम्यान ढोलीत शिरते आणि फट सोडून तोंड लिंपून घेते. नर बाहेरून त्या फटीतून वड-उंबराची फळं भरवतो. हिवाळ्यात तुम्ही मार्किंगला जाता तेव्हा तीच ढोली रिकामी दिसते. 'काही नाही यात' म्हणून हातोडा पडतो. पक्षी दिसला नाही म्हणजे घर मोकळं, असं समजू नका. ढोलीची कड बघा, वापरातली कड गुळगुळीत असते. लिंपलेल्या भागाचे वाळलेले पोपडे कडेला राहिलेले असू शकतात. खाली पाचोळा बाजूला करून बघा, वड-पिंपळाच्या बियांचा, विष्ठेचा थर सापडतो. आणि बुजुर्ग माणसाला विचारा. "या मोईत दरसाल धनेस बसते जी," असं सांगणारा प्रत्येक गावात एकतरी असतोच. त्याला मार्किंगच्या दिवशी मजुरी देऊन सोबत घ्या.

मेळघाटात गणित उलटं होतं. रानपिंगळा हे छोटं घुबड 1884 नंतर कोणाच्या नजरेला पडलं नव्हतं. 1997 मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि नंतर मेळघाटातही आढळलं. हा पक्षी विरळ, सागाच्या पानगळी जंगलात राहतो, दिवसाही शिकार करतो, आणि हिवाळ्यात, म्हणजे ऐन तोडीच्या हंगामात, त्याची जोडी ढोलीपाशी असते. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडंही याच दिवसांत उंच झाडांवर घरटी करतात. त्यामुळं 'विणीच्या हंगामात काम बंद ठेवू' एवढ्यानं भागत नाही. एकाची वीण संपते तेव्हा दुसऱ्याची चालू असते. झाडच राखलं पाहिजे.

त्यासाठी कामाचा क्रम फिरवा. तोडायची झाडं मार्क करण्याआधी, वेगळ्या दिवशी, फक्त राखायच्या झाडांची फेरी करा. ढोलीची, घरट्याची, अस्वलानं ओरबाडलेली, मधाच्या पोळ्यांची, उभी वाळलेली झाडं. त्यांना पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचा पट्टा मारा आणि रजिस्टरमध्ये वेगळं पान करा. दुसऱ्या दिवशी हातोडेवाल्यानं त्यांना हात लावायचा नाही. दोन्ही कामं एका फेरीत केली तर टेप जिंकतो, वर बघणारा हरतो.

उभी वाळलेली झाडं मी मुद्दाम यात घातली. सुतार पक्षी आधी तिथंच भोक पाडतो, आणि मग बाकीचे त्या भोकात राहायला येतात.

सागाशिवाय सगळं 'किरकोळ' धरणं

मोह, चारोळी, तेंदू, आवळा, बेहडा, जांभूळ, कुसुम ही फळझाडं राखायची असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मोहाला गावकरी हात लावूही देत नाहीत. मारली जातात ती बिननावाची झाडं: भेरा, मोई, सालई, घोगर. विरळणीच्या वेळी, म्हणजे झाडांची दाटी कमी करताना, सागाला जागा करायला ती काढून टाकतात, आणि काही वर्षांनी कक्षात सागच साग उरतो. त्या सागाखाली उन्हाळ्यात उभं राहून बघा. मोठमोठी वाळकी पानं, आणि खायला जवळजवळ काही नाही. वड, उंबर, पिंपळ यांना तर कोणत्याही कारणानं यादीत घेऊ नका. इतर झाडांची फळं संपतात तेव्हा यांच्यावर अर्धं जंगल जगतं.

बांबूची रांजी बाहेरून सोलणं

मानवेल जातीच्या बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, नवे कोंब बाहेरच्या कडेनं येतात. मजुराला तोडायला सोपे बांबूही बाहेरचेच असतात, आणि मजुरी नगावर असते. मग काय होणार ते उघड आहे. बाहेरचे कोवळे जातात, आतले जुने एकमेकांत अडकून वाळतात, आणि दोन फेऱ्यांत रांजी गुदमरते. अशा रांजीत ना नवे वास्ते (कोंब) येत, ना रानगव्याला चारा मिळतो.

यंदाचा आणि मागच्या वर्षीचा बांबू तोडायचा नाही. कोवळ्या बांबूवर खवले आणि पांढरी भुकटी असते, जुना पिवळट, डागाळलेला दिसतो. नवे कोंब ज्या बाजूला आहेत तिच्या विरुद्ध बाजूनं घोड्याच्या नालेसारखी वाट करून आत शिरा आणि आतले जून बांबू काढा. काप जमिनीपासून 15 ते 45 सेंटिमीटरच्या दरम्यान, पेराच्या लगेच वर घ्या, म्हणजे पाणी साचून बुंधा सडत नाही. पावसाळ्यात रांजीला हात लावायचा नाही. गुदमरलेली रांजी एकाच वर्षात मोकळी करायला जाऊ नका, वाकलेले आणि मेलेले बांबू आधी काढा, बाकी पुढच्या फेरीला.

2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हापासून गडचिरोली-चंद्रपुरात बांबूचा व्यवहार करणाऱ्या ग्रामसभा पुष्कळ झाल्या. त्यांना माझं एक सांगणं आहे: व्यापाऱ्याशी करार करताना नगाच्या भावाइतकीच तोडीची पद्धतही लिहून घ्या, आणि चुकीच्या तोडीचे बांबू मोजणीत धरू नका. पद्धत करारात नसली की ती रांजीतही नसते.

बांबूच्या कामाला आणखी एक धोका आहे. वाघिणीला दाट रांज्या आणि नाला आवडतो, आणि बांबू तोडणारा बसून, वाकून काम करतो. सकाळी ऊन वर आल्यावरच आत जा, उन्हं कलायच्या आत बाहेर या, एकट्यानं बसू नका. पिल्लांचे ठसे दिसले तर तो भाग सोडून कूपाच्या दुसऱ्या टोकाला काम लावा आणि वनरक्षकाला कळवा. मजुरी बुडेल म्हणून ठसे झाकणारे मुकादमही असतात. त्यांच्या टोळीत जाऊ नये.

तोड झाल्यावरच्या भानगडी

झाडांचं छत्र उघडलं की रायमुनिया (घाणेरी) येते. नुसती कापली तर पुढच्या पावसात दुप्पट फुटते. बुडाखाली मुख्य मूळ तोडून झाड उलटं करून ठेवावं लागतं, आणि तेही फळं धरायच्या आधी. एकदम सगळं मोकळं करू नका. गवत येईपर्यंत रानडुक्कर-चितळांना आडोसा तोच असतो. पट्ट्यापट्ट्यानं काढा, आणि काढलेल्या जागी त्याच पावसात गवताचं बी टाका.

फांद्या आणि पाचोळा राखलेल्या झाडांच्या बुडाशी रचून ठेवण्याची सवय वाईट. 15 फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम सुरू होतो, आणि वणवा आला की रंगाचा पट्टा मारलेलं तेच पोकळ झाड चिमणीसारखं आतून पेटतं.

माल निघाला की ट्रॅक्टरची वाट बंद करा. आडवा चर खणा, मोठे ओंडके टाका. उघडी राहिलेली वाट सहा महिन्यांत सायकलवाल्या लाकूडचोराची होते, आणि मग तारेचे फास लावणाऱ्यांची.

हातोडा पडलाय, आणि ढोली आता दिसली

हा प्रश्न दर हंगामात येतो. हातोडा पडला म्हणजे झाड तोडलंच पाहिजे, असं नाही. तोडायची परवानगी असते, सक्ती नसते. वनपालाला जागेवर बोलवा. ढोलीचा किंवा घरट्याचा फोटो, कक्ष क्रमांक, झाडाचा नंबर आणि जीपीएस टिपण घ्या. दोन गावकऱ्यांच्या सह्यांनी पंचनामा करा. रजिस्टरमध्ये त्या नंबरासमोर 'वन्यजीवासाठी राखले' असा शेरा आणि अधिकाऱ्याची सही पाहिजे. नंबर खोडू नका. खोडलेला नंबर पुढच्या तपासणीत चोरीचा संशय आणतो, शेरा मारलेला नंबर आणत नाही. झाडावरच्या हातोड्याच्या निशाणावर रंगाची फुली मारा. तोंडी सांगून भागवू नका. टोळी बदलते, मुकादम बदलतो, आणि नव्या माणसाला फक्त निशाण दिसतं.

झाड पडून गेलं असेल आणि ढोलीत पिल्लं असतील, तर ती घरी नेऊ नका. वनविभागाला लगेच कळवा आणि ते येईपर्यंत ओंडका कापू न देता तिथंच ठेवा.