सोसायटीतल्या मुलांना घराबाहेरचं एक हक्काचं मोठं माणूस मिळवून द्यायचं असेल तर

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला अठरा कुटुंबं ठरवून एकत्र राहायला आलोय, प्रत्येकाचा फ्लॅट वेगळा पण खाली एक कॉमन किचन आणि मोठी खोली आहे, आठवड्यातनं दोनदा सगळे तिथेच जेवतात. याला को-हाउसिंग म्हणतात आणि हे सुरू झालं डेन्मार्कमध्ये. तिथे १९६७ साली बोडिल ग्रॉ नावाच्या बाईंनी पेपरात लेख लिहिला होता की मुलांना शंभर आईबाप हवेत, तो वाचून काही कुटुंबं जमली आणि १९७२ मध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला सेटेडामेन ही सुरुवातीची वसाहत उभी राहिली. म्हणजे मुलांचा विचार यात पहिल्यापासूनच होता. आपल्याकडे पेठेतल्या वाड्यांत हे आपोआप व्हायचं, समोरच्या काकू रागवायच्या आणि खाऊही द्यायच्या. फ्लॅटचं दार बंद असतं म्हणून आता ते मुद्दाम जुळवावं लागतं.

आम्ही आधी चुकीचं केलं ते सांगते. चिठ्ठ्या टाकून मुलांच्या आणि मोठ्यांच्या जोड्या लावल्या, एक्सेल शीट केली, दर रविवारी एक तास. महिन्याभरात निम्म्या जोड्या बंद पडल्या, कारण काकांनी गणितं काढून ठेवलेली आणि मुलाला वाटलं अजून एक क्लास लागला. तर जोड्या लावू नका. मोठ्यांना "तुम्ही काय शिकवाल" असंही विचारू नका, सगळे अवघडतात. "रविवारी सकाळी तुम्ही काय करत असता" एवढंच विचारा. आमच्याकडे उत्तरं आली ती अशी, सायकल दुरुस्त करतो, तळजाईच्या टेकडीवर पक्षी बघायला जाते, गच्चीवर कंपोस्ट करतो, पुरणपोळ्या, जुने रेडिओ. ती यादी लिफ्टपाशी लावली आणि मुलांना म्हटलं, कुणाकडे जाऊन बसावंसं वाटतं ते तुम्हीच बघा. आठ ते चौदा वयाच्या मुलांना हे छान जमतं. चार रविवार जाऊन बघायचं, नाही आवडलं तर दुसरीकडे, आणि मोठ्यांनी ते मनाला लावून घ्यायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. काम खरं पाहिजे आणि ते मुलाच्या हातात पाहिजे. पंक्चरचंच घ्या, ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतायत ते बघायचं, पॉलिश पेपरने घासायचं, सोल्युशन लावून थोडं सुकू द्यायचं आणि मग पॅच. मुलाला ते सुकेपर्यंत दम निघत नाही, लगेच पॅच दाबतो, पॅच सुटतो. अशा वेळी मोठ्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो, "दे इकडे" म्हणून. तो आवरा. सुटू दे पॅच, दुसरा आहे की डबीत. आमच्या इथले एक काका तर चक्क हात मागे बांधून उभे राहतात, आणि त्यांच्याकडे मुलं सगळ्यात जास्त टिकली.

मुलं बोलतात ती अशाच वेळी, समोर बसवून "कसं चाललंय शाळेत" विचारलं की "ठीक" एवढंच येतं, पण स्पोक पुसता पुसता एकदम सांगून टाकतात की वर्गात मला कुणी डब्याला घेत नाही. लगेच उपाय सुचवायला जाऊ नका, "मग तू काय केलंस" एवढं विचारून ऐका. आणि हे आईबाबांना सांगायचं का? आम्ही पहिल्याच दिवशी मुलाला सांगून ठेवतो, तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुला धोका आहे असं वाटलं तर मी सांगणार आणि तुला सांगूनच सांगणार. आईबाबांनीही घरी आल्यावर रिपोर्ट मागायचा नाही. माझ्या लेकीला मी पहिले दोन महिने रोज खोदून विचारायचे, तिने जाणंच बंद केलं होतं, मी विचारायचं सोडलं तेव्हा परत जायला लागली.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र भिडस्तपणा अजिबात नको. भेटायचं ते कॉमन खोलीत, पार्किंगमध्ये, गच्चीवर, जिथे येणारे-जाणारे आहेत. कुणाच्या घरी बसले तर दार उघडं. टेकडीवर जायचं तर दोन-तीन मुलं मिळून. मोठ्यांनी मुलाशी फोनवर एकट्याने चॅट करायचं नाही, आईबाबा ग्रुपमध्ये हवेत. महागडी गिफ्ट नाहीत. आणि मुलांना स्पष्ट सांगायचं, कुणीही मोठं माणूस "घरी सांगू नकोस" म्हणालं की लगेच घरी सांगायचं, मग ते कितीही लाडके आजोबा असोत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, १८ वर्षांखालच्या सगळ्यांना लागू होतो, आणि लैंगिक अत्याचाराचा संशय जरी आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, सोसायटीत बसून मिटवायचं नसतं. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो, तो आम्ही लिफ्टपाशी यादीच्या वरच लावलाय. हे नियम पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचा, म्हणजे नंतर कुणाला "माझ्यावर विश्वास नाही का" असं वाटत नाही.

परीक्षेच्या दिवसांत सुट्टी द्या, मे महिन्यात मुलं गावाला जातात तेव्हाही.

आणि थांबवायचं कसं तेही आधीच ठरवा, हे बरेच जण विसरतात. रेडिओवाल्या आजोबांकडे एक मुलगी वर्षभर जायची, दोघं मिळून बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी रेडिओचे पार्ट आणायला जायचे, तिची आई बरोबर असायची. मग तिला फुटबॉलचं वेड लागलं. आजोबांना वाईट वाटणार हे सगळ्यांना दिसत होतं, आई म्हणाली मी सांगते त्यांना, पण आम्ही म्हटलं तिलाच जाऊ दे. ती खाली खोलीत गेली, सांगितलं, थोडी रडली. आजोबा म्हणाले सोल्डर गन इथेच ठेवतो, लागली की ये. आता गणपतीच्या आधी आठ दिवस दोघं बसून सोसायटीच्या बंद पडलेल्या माळा दुरुस्त करतात.