४५-७० लिव्हर अ‍ॅक्शन रायफलीची गोळी वर लागत होती, ती खाली कशी आणली

माझी रायफल लिव्हर अ‍ॅक्शन, म्हणजे खालचा दांडा ओढून काडतूस भरायची, आणि काडतूस ४५-७०. ५० यार्डांवर ४०५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी मध्यापासून सरळ ६ इंच वर लागत होती, ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) मात्र छान घट्ट, म्हणजे नेम ठीक आणि प्रश्न साइटचाच, म्हणजे बॅरलवरच्या नेम धरायच्या खुणांचा. मागची साइट आधीच सगळ्यात खालच्या खाचेत, तिथं खाली न्यायला जागाच नव्हती. मग पुढची साइट उंच बसवायची, पुढची उंच केली की गोळी खाली येते, मागचीचं बरोबर उलटं. किती उंच हे अंदाजाने ठरवू नका, हिशोब सोपा आहे: गोळी जितकी वर लागतेय ते गुणिले दोन्ही साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटपर्यंतचं अंतर, सगळं इंचात. माझ्या रायफलीत ६ गुणिले २० भागिले १८०० (५० यार्ड म्हणजे १८०० इंच), म्हणजे साधारण ०.०६७ इंच. तेवढी उंच साइट लावली आणि गोळी मध्यावर आली, फार समाधान वाटलं!

या काडतुसाचा धक्का जबरदस्त असतो, त्यामुळे खांद्याला पॅड लावाच, आणि मधेमधे डमी राउंड (बारूद नसलेलं नकली काडतूस) घाला, ट्रिगर दाबताना आपण दचकतोय का ते लगेच कळतं, दचकत असाल तर आधी ते सुधारा, साइटला हात लावू नका. रायफल टेकवायच्या बॅगवर लाकडी फोरएंड (बॅरलखालचा हाताने धरायचा भाग) टेकवा, बॅरल नको. आणि ट्यूब मॅगझिनमध्ये (बॅरलखालची नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात) कडक टोकदार गोळी अजिबात घालू नका, टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाचा, ठोका बसला की पेटणारा भाग) टेकतं, धक्क्याने ते काडतूस आतच उडू शकतं.