एकाच होल्डरमधला एलईडी बल्ब वारंवार जाणे : माझा अनुभव

घरातले इतर बल्ब व्यवस्थित चालत असताना एकाच जागचा बल्ब आधी लुकलुकायचा, बारीक चरचर ऐकू यायची आणि काही आठवड्यांत तो कायमचा बंद पडायचा. दुसऱ्या कंपनीचा आणि कमी वॅटचा बल्ब लावूनही फरक पडला नाही. व्होल्टेजही योग्य होते. या प्रकाराने मी अगदी वैतागलो होतो.

दोष होल्डरमध्ये होता. सैल जोडणीत ठिणग्या पडून प्रवाह सतत तुटत-जुळत राहतो आणि त्या धक्क्यांनी व उष्णतेने बल्बमधला ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारे सर्किट) निकामी होतो.

प्रथम मेन स्विच बंद केला; केवळ भिंतीवरचे बटण पुरेसे नाही, कारण ते न्यूट्रलवर (विजेच्या परतीच्या वायरीवर) जोडलेले असल्यास होल्डरमध्ये वीज राहतेच. मग चालू असल्याची खात्री केलेल्या टेस्टरने दोन्ही टोके तपासली आणि होल्डर उघडला. एका पिनची स्प्रिंग दबलेली, टोक काळवंडलेले आणि वायरीचा स्क्रू ढिला होता. असा होल्डर घासून पुन्हा वापरू नये. वायरीचा जळका भाग कापला, स्वच्छ तांबे उघडे करून तारा पिळल्या, त्या नव्या होल्डरच्या स्क्रूखाली घट्ट आवळल्या आणि प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहिली. त्यानंतर लावलेला बल्ब अजूनही न लुकलुकता चालू आहे.