औषधांची आणि लसींची एकच खरी यादी कशी तयार करावी

रोज पाच किंवा त्याहून अधिक औषधे घेणाऱ्या माणसाच्या घरात सात खणांचा डबा असतो, मोबाइलमध्ये गजर लावलेले असतात, कपाटात डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची जाडजूड फाइल असते. मात्र तो माणूस आज नेमके काय काय घेतो, हे एका कागदावर कोठेही लिहिलेले नसते. फार्मासिस्ट म्हणून काम करताना मी अशा याद्या असंख्य वेळा तयार करून दिल्या आहेत, आणि ‘आधी एक चांगला डबा घ्या’ हा सल्ला ऐकला की आता मला गप्प बसवत नाही. डबा चूक शोधून देत नाही. चुकून दोनदा घेतली जाणारी गोळीसुद्धा तो रोज तितक्याच शिस्तीने हातात ठेवतो. आधी यादी आणि मग डबा, हाच क्रम योग्य आहे.

घरातील सर्व औषधे एका टेबलावर आणावीत. डोळ्यांचे थेंब, मलमे, दम्याचा पंप, इन्सुलिन, रेचके, कॅल्शियमच्या गोळ्या आणि पर्समध्ये पडून राहिलेली डोकेदुखीच्या गोळ्यांची स्ट्रिपसुद्धा. मुदत संपलेली औषधे लगेच बाजूला काढावीत.

यादीत औषधाचे मूळ नाव लिहावे, ब्रँडचे नाव फक्त ओळख पटण्यापुरते शेजारी ठेवावे. मूळ नाव म्हणजे गोळीतील प्रत्यक्ष औषधी द्रव्याचे नाव. ते वेष्टनावर बहुधा ब्रँडजवळच छापलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने अशा आंतरराष्ट्रीय नावांची पहिली यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून कंपनी कोणतीही असली तरी द्रव्य ओळखता येण्याची सोय झाली. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ पॅरासिटामॉलला अमेरिकेत असिटॅमिनोफेन आणि साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल म्हणतात. प्रवासात आजारी पडणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. एका गोळीत दोन द्रव्ये असतील तर ती दोन स्वतंत्र ओळींवर लिहावीत. नावांच्या शेवटाकडेही लक्ष द्यावे. एनालाप्रिल आणि रामिप्रिल, लोसार्टन आणि टेल्मिसार्टन, अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन या प्रत्येक जोडीतील दोन्ही औषधे एकाच कुळातील आहेत, आणि एकाच कुळातील दोन नावे एका यादीत दिसली तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रत्येक नावापुढे मात्रा, घेण्याची वेळ, ते कोणी सुरू केले आणि कशासाठी, हे लिहावे. ‘कशासाठी’ हा रकाना बहुतेक लोक गाळतात आणि तोच सर्वांत उपयोगी असतो, कारण ज्या गोळीपुढे तो रिकामा राहतो, त्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारायचे आहे हे आपोआप समजते. शिवाय चिठ्ठीवर आहे ते नव्हे, तर प्रत्यक्ष पोटात जाते ते लिहावे. चक्कर येते म्हणून कोणी अर्धीच गोळी घेत असेल, तर यादीत अर्धीच लिहावी आणि डॉक्टरांना तसेच सांगावे.

येथपर्यंतचे काम तासाभरात होते. खरी अवघड पायरी रुग्णालयातून घरी परतण्याच्या दिवशी येते, आणि याच पायरीवर मी स्वतः चुकले आहे. माझे वडील रक्तदाबासाठी अनेक वर्षे टेल्मिसार्टन घेत होते. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर वेगळ्याच ब्रँडची एक गोळी होती, आणि तिच्यात टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीवाटे पाणी काढणारे द्रव्य होते. त्या संध्याकाळच्या गडबडीत मी तो कागद जुन्या यादीच्या खाली जसाच्या तसा, ब्रँडच्या नावांसह उतरवून घेतला आणि दोन्ही गोळ्या डब्यात भरल्या. नऊ दिवस वडील दुप्पट टेल्मिसार्टन घेत राहिले. नवव्या रात्री अंथरुणातून उठताना त्यांना घेरी आली, ते पडले आणि कपाळाला टाके घालावे लागले. जुनी गोळी बंद करा, असे त्या कागदावर कोठेही लिहिलेले नव्हते, आणि मीही ते विचारले नव्हते. हा माझा रोजचा व्यवसाय असूनही ही चूक माझ्या हातून घडली. म्हणून ‘कागदावर लिहिले आहे तसे घ्या, काही अडचण येणार नाही’ असे कोणी सांगू लागले की मी त्याला थांबवते.

डिस्चार्जचा कागद काय सुरू करायचे ते सांगतो. काय थांबवायचे, याबद्दल तो पुष्कळदा मुका असतो. त्यामुळे तो जुन्या यादीला जोडायचा नसतो, तर तिच्यासमोर ठेवून ताडून पाहायचा असतो. कोऱ्या कागदाचे दोन उभे भाग करावेत, डावीकडे रुग्णालयात जाण्यापूर्वीची औषधे आणि उजवीकडे नव्या कागदावरील औषधे मूळ नावांनी लिहावीत, आणि दोन्हीकडील प्रत्येक नावापुढे चारांपैकी एक शब्द लिहावा: चालू, बदलले, बंद किंवा नवे. एकही नाव निर्णयाशिवाय राहता कामा नये. डावीकडे आहे पण उजवीकडे नाही, अशा औषधाबद्दल अंदाज बांधू नये. त्याचा अर्थ ‘बंद’ असू शकतो, ‘चालूच आहे म्हणून लिहिले नाही’ असा असू शकतो, किंवा लिहिणाऱ्याला ते औषध ठाऊकच नव्हते, असाही असू शकतो.

यासाठी प्रश्न कसा विचारावा, याला फार महत्त्व आहे. ‘आधीची औषधे चालू ठेवायची ना?’ असा प्रश्न विचारू नये. घाईत असलेला कोणीही त्याला ‘हो’ म्हणतो. एकेक नाव मोठ्याने वाचावे, प्रत्येकाला चारांपैकी एक उत्तर घ्यावे आणि हे सर्व रुग्णालयातून पाऊल बाहेर टाकण्यापूर्वी करावे. यात दहा मिनिटे जातात. समोरची व्यक्ती कंटाळली तरी संकोच करू नये.

ताडून पाहताना चार प्रकारच्या चुका वारंवार सापडतात. एकच द्रव्य दोन ब्रँडच्या नावांनी दोनदा घेतले जाते, हा पहिला प्रकार वर सांगितलाच. दुसऱ्या प्रकारात रुग्णालयाच्या साठ्यात नेहमीचे औषध नसल्याने त्याच कुळातील दुसरे दिले जाते आणि घरी आल्यावर दोन्ही सुरू राहतात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबाबत हे मी अनेकदा पाहिले आहे. तिसऱ्या प्रकारातील औषधे केवळ रुग्णालयातील मुक्कामापुरती असतात, जसे आम्लपित्तासाठी पँटोप्राझोल किंवा झोपेची गोळी, आणि ती कोणी थांबवत नाही म्हणून वर्षानुवर्षे घेतली जातात. चौथा प्रकार सर्वांत घातक आहे, कारण त्याची कोणतीही खूण टेबलावर दिसत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त पातळ करणारे औषध किंवा एखाद्या तपासणीपूर्वी मधुमेहाचे मेटफॉर्मिन काही दिवसांपुरते थांबवलेले असते आणि ते पुन्हा सुरू करायचे राहून जाते. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णाचे रक्त पातळ करणारे औषध असे सुटले, तर पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून तात्पुरत्या थांबवलेल्या औषधापुढे नुसते ‘बंद’ लिहू नये. ते पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायचे, ती तारीख मागून घ्यावी आणि लिहावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जागतिक मोहीम जाहीर केली, तेव्हा प्राधान्याच्या तीन विषयांत एकाच वेळी अनेक औषधे घेणे आणि उपचाराचे ठिकाण बदलणे या दोहोंचा समावेश होता. माझ्या घरी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी एकत्र आल्या होत्या.

एक इशारा येथेच देणे आवश्यक आहे. ताडून पाहताना शंका आली म्हणून कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. त्याच दिवशी फोन करून विचारावे. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची औषधे, बराच काळ घेतलेले प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, फेफऱ्याच्या गोळ्या आणि स्टेंट बसवल्यानंतरचे क्लोपिडोग्रेल ही अचानक थांबवल्याने गंभीर त्रास होऊ शकतो. जी औषधे डॉक्टरांनी निश्चितपणे बंद केली, ती मात्र त्याच दिवशी खणातून काढावीत आणि विल्हेवाट लावण्यासाठी औषधाच्या दुकानात विचारावे. पुढे कधी लागतील म्हणून जपून ठेवलेली स्ट्रिप कोणाच्या तरी हाती लागते आणि पुन्हा सुरू होते.

वेळांबाबत फार बाऊ करण्याचे कारण नाही, कारण बहुतेक औषधे रोज एका ठरावीक वेळी घेतली की पुरते. अपवाद तेवढे ठळक लिहावेत. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी अनशापोटी, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. हाडांसाठीची अॅलेंड्रोनेट गोळी भरपूर साध्या पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास आडवे होऊ नये. सावकाश विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या कुटू किंवा चावू नयेत. सांधेदुखीसाठी दिलेले मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि ते चुकून रोज घेतल्याने मृत्यू ओढवले आहेत. त्याच्यापुढे वाराचे नाव अक्षरांत लिहावे आणि ती गोळी रोजच्या डब्यात इतर गोळ्यांबरोबर कधीही भरू नये.

एखादी मात्रा चुकली तर आठवताच घ्यावी, पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी, आणि दोन मात्रा एकदम घेऊ नयेत. इन्सुलिन, मेथोट्रेक्झेट किंवा रक्त पातळ करणारे औषध असेल तर मात्र विचारूनच पुढे जावे.

चिठ्ठीशिवाय आणलेली औषधे यादीत हवीतच. पॅरासिटामॉल सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत असते, आणि निरोगी प्रौढांसाठीची २४ तासांतील ४ ग्रॅमची मर्यादा नकळत ओलांडली जाऊन यकृताला इजा होऊ शकते. वजन कमी असणाऱ्यांनी, यकृताचा आजार असणाऱ्यांनी आणि नियमित मद्यपान करणाऱ्यांनी याहून कमी मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गटातील औषध आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला आली, तर मूत्रपिंडांवर ताण येतो. ‘साधीच तर गोळी आहे’ या समजुतीला येथे जागा नाही.

आता कागद उलटावा. मागच्या बाजूला लसींची नोंद करावी, आणि ती वेगळ्या वहीत नव्हे तर याच कागदावर असावी, असा माझा आग्रह आहे, कारण कोणती लस चालेल हे पुष्कळदा पुढच्या बाजूवर ठरते. गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस, कांजिण्यांची लस आणि पीतज्वराची लस या जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंच्या असतात. रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन दोन आठवडे वा त्याहून जास्त काळ घेणाऱ्यांना, कर्करोगाची केमोथेरपी चालू असणाऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती दडपणारी इतर प्रभावी औषधे घेणाऱ्यांना अशा लसी सहसा देत नाहीत. गरोदर स्त्रियांनीही त्या टाळायच्या असतात. इन्फ्लुएंझाची टोचून दिली जाणारी किंवा न्यूमोकोकस या न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूवरची लस जिवंत नसल्याने या रुग्णांना देता येते, पण तिचा परिणाम कमी पडू शकतो. म्हणून असे उपचार सुरू होणार असतील, तर शक्य तेथे लसींबद्दल आधीच विचारावे.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी लस टाळण्याचे कारण नाही. टोचणाऱ्याला तसे सांगावे, म्हणजे तो बारीक सुई वापरील, आणि नंतर टोचलेली जागा न चोळता किमान दोन मिनिटे घट्ट दाबून धरावी. तोंडावाटे घेण्याची टायफॉइडची लस जिवंत जिवाणूंची असल्याने ती अँटिबायोटिकबरोबर घेऊन उपयोग नाही. लसीच्या दिवशी रोजची औषधे घेऊ नयेत, असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि तो सल्ला चुकीचा आहे. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे नेहमीप्रमाणे घ्यावीत. ताप येईल या भीतीने आधीच पॅरासिटामॉल घेऊ नये. नंतर ताप किंवा अंगदुखी झाली तर अवश्य घ्यावे.

प्रौढांनी नोंदवायच्या मुख्य लसी थोड्याच आहेत. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी लागते आणि तिचे संरक्षण मिळायला सुमारे दोन आठवडे जातात. धनुर्वात आणि घटसर्प यांच्या लसीची उजळणी अनेक देशांत दर दहा वर्षांनी सुचवली जाते. नागिणीच्या, जिवंत नसलेल्या नव्या लसीच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्यायच्या असतात. ती मुख्यतः ५० वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींसाठी आहे. हिपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रा साधारणपणे आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी दिल्या जातात. मधली मात्रा लांबली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, उरलेल्या मात्रा पूर्ण केल्या की पुरते. न्यूमोकोकसची लस ज्येष्ठांना आणि हृदय, फुप्फुस किंवा मधुमेहाचा जुना आजार असणाऱ्यांना सुचवली जाते. वयाच्या अटी देशानुसार बदलतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला हाच कागद दाखवून विचारावे.

टोचल्यानंतर पंधरा मिनिटे तेथेच बसावे, आणि त्याच वेळात लसीचे नाव, तारीख, बॅच क्रमांक आणि पुढच्या मात्रेची तारीख नोंदवून घ्यावी. कागदाच्या वर आजची तारीख घालावी, त्याचा फोटो रुग्णाच्या आणि घरातील आणखी एका व्यक्तीच्या मोबाइलमध्ये ठेवावा, आणि एकही औषध बदलले तरी नवा कागद लिहून जुना फाडून टाकावा.