पंचगंगेतील छोट्या होडीसाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणे : निवड आणि निगा

कोल्हापूर जिल्ह्यात इंजिनाच्या छोट्या होड्या मुख्यतः धरणांच्या जलाशयांत मासेमारीसाठी आणि पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून माणसे काढण्यासाठी वापरल्या जातात. या होड्यांसाठी उपकरणे घेऊ पाहणाऱ्याच्या हाती जी माहितीपत्रके येतात, ती मात्र समुद्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. रडार, स्वयंचलित सुकाणू आणि सागरी नकाशे दाखवणारा मोठा पडदा यांवर खर्च केलेला पैसा पंचगंगेत, राधानगरीत किंवा काळम्मावाडीत जवळजवळ वाया जातो. इथे खरी गरज आहे ती पाण्याची खोली दाखवणाऱ्या आणि जीपीएसवर मार्ग नोंदवून ठेवणाऱ्या एका साध्या यंत्राची, चांगल्या बॅटरीची आणि नीट केलेल्या वायरिंगची.

खोली मोजणारे यंत्र, म्हणजे बाजारात ज्याला फिश फाइंडर म्हणतात ते, पाण्यात ध्वनिलहरी सोडते आणि तळावरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून खोली काढते. आपल्याकडील उथळ पाण्यासाठी २०० किलोहर्ट्झची वारंवारता पुरेशी असते. ५० किलोहर्ट्झची सोय खोल समुद्रासाठी आहे, तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. पडदा चार-पाच इंची असला तरी चालेल, पण यंत्राला बटणे असावीत, कारण भर पावसात ओल्या बोटांनी टचस्क्रीन नीट चालत नाही आणि पडद्यावर पडणारे थेंबही त्याला स्पर्शासारखेच वाटतात. जलरोधकतेसाठी आयपीएक्स-७ हा दर्जा किमान मानावा. एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही यंत्र बिघडू नये, असा त्याचा अर्थ आहे.

या यंत्राची एक मर्यादा समजून घेतल्याशिवाय ते पुराच्या पाण्यात वापरू नये. ते फक्त खाली पाहते, पुढे पाहत नाही. त्याचा झोत वीस अंशांचा असेल, तर पाच मीटर खोलीवर जेमतेम पावणेदोन मीटर व्यासाचे वर्तुळ त्याच्या नजरेत येते. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पंचगंगेवर ओळीने आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांचे बरगे, म्हणजे खांबांमध्ये पाणी अडवण्यासाठी बसवलेल्या फळ्या, काढले जातात, पण दगडी खांब तिथेच राहतात आणि पाणी चढले की नजरेआड होतात. खांब होडीखाली आल्यावर पडद्यावर दिसला तर तोवर उशीर झालेला असतो. म्हणून उन्हाळ्यात, पाणी उतरलेले आणि खांब उघडे असताना, प्रत्येक बंधाऱ्याची दोन्ही टोके, नदीकाठच्या विहिरी, पाणी उपशाच्या जॅकवेल आणि काठावरचे विजेचे खांब यांच्या जागा जीपीएसवर स्वतः नोंदवून ठेवाव्यात. दुकानातून विकत मिळणाऱ्या कुठल्याही नकाशापेक्षा ही नोंद अधिक उपयोगी आहे. उघड्या आकाशाखाली जीपीएसमध्ये तीन ते पाच मीटरांची चूक गृहीत धरावी लागते, त्यामुळे नोंदवलेल्या बिंदूपासून भरपूर अंतर राखूनच होडी न्यावी.

ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा भाग, होडीच्या मागच्या फळीवर पंख्यापासून शक्य तितका दूर बसवावा, अन्यथा बुडबुड्यांमुळे पडद्यावर नुसती रेघोट्यांची जाळी दिसते. त्याचा तळ होडीच्या तळापेक्षा किंचित खाली आणि पाण्याला समांतर असावा. फायबरच्या एकसंध तळातून ध्वनी आरपार जातो, त्यामुळे तिथे तो आतून चिकटवता येतो. लाकूड किंवा ॲल्युमिनिअम असेल तर हा मार्ग बंद. रबरी फुगवण्याच्या होडीसाठी वर उचलता येणारा ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्यावा. जलपर्णीच्या पट्ट्यातून जाताना ट्रान्सड्यूसर वर घेता आला नाही, तर तो झाडोऱ्यासकट उखडून निघतो.

बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात नसून विजेत असते. इंजिन सुरू करताना स्टार्टर मोठा प्रवाह ओढतो, व्होल्टेज खाली बसते आणि यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होते. दुकानदार अशा वेळी यंत्रच बदलायला सांगतो. उपकरणांसाठी वेगळी बॅटरी ठेवावी, हा यावरचा उपाय. तिचा आकार अंदाजाने ठरवू नये. सहा तासांच्या कामाचा हिशेब असा मांडता येतो : खोलीमापक ०.८ अँपिअरने ४.८ अँपिअर-तास, फोन चार्ज करण्यासाठी ६, पाणी उपसणारा पंप एकूण तासभर चालला तर ३ आणि १२ व्होल्टवरचा साठ वॅटचा सर्चलाइट तासभर लावला तर ५. एकूण साधारण १९. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून तिथे चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची २५ची पुरेल आणि वजनही बरेच कमी भरेल, मात्र तिला तिचाच चार्जर हवा.

वायर बारीक घेण्याचा मोह टाळावा. हाच सर्चलाइट बॅटरीपासून चार मीटरवर असेल आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन आठ मीटर तांब्यात सुमारे अर्धा व्होल्ट वाया जातो. अडीचची वायर घेतल्यास हा तोटा ०.३ व्होल्टवर येतो. कलई केलेली तांब्याची वायर मिळाली तर उत्तम. जोड पिळून वर टेप गुंडाळण्याची घरगुती पद्धत होडीत चालत नाही. वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून घट्ट बसवावी (क्रिम्प करावी) आणि त्यावर आतून डिंक असलेली, उष्णतेने आवळणारी हीट श्रिंक नळी चढवावी. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच असावा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर घासली गेली तर तिला कसलेच संरक्षण उरत नाही.

संपर्कासाठी सागरी व्हीएचएफ संच, म्हणजे जहाजांवरचा रेडिओ, घेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याचे १६ क्रमांकाचे चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, समुद्रावर संकटकाळी जीव वाचवते, परंतु पंचगंगेकाठच्या चिखली गावाच्या शिवारात त्यावर हाक मारून ऐकणारे कोणी नसते. शिवाय त्याला परवाना लागतो. इथे जलरोधक पिशवीतले दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन आणि परवानामुक्त वॉकीटॉकीची जोडी अधिक कामाची.

निगेचे वेळापत्रक पावसाळ्याशी जुळवावे. मे महिन्यात बॅटरी पूर्ण चार्ज करून, काही तास तशीच ठेवून मल्टिमीटर लावावा. लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसायला हवे, १२.२ दिसले तर ती निम्मी रिकामी समजावी, आणि चार्जिंगनंतरही असेच दिसत असेल तर बदलावी. त्यानंतर सर्व उपकरणे एकदम चालू करून यंत्राच्या मागच्या पिनांवर व्होल्टेज मोजावे; बॅटरीवरील आकड्याशी मोठा फरक आढळल्यास दोष मधल्या एखाद्या जोडात आहे. पुराच्या पाण्यातून परतल्यावर ट्रान्सड्यूसरवरचा गाळ वाळू न देता साबणाच्या पाण्याने पुसावा. तो सुकून थर झाला की खोलीचे आकडे उड्या मारू लागतात. पडदा ओल्या मऊ फडक्याने पुसावा, पेट्रोल किंवा थिनर त्यावरचा लेप उतरवतात. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावावे आणि यंत्राच्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे वीज न वाहणारे आणि ओल आत येऊ न देणारे ग्रीस. होडी छपराखाली गेली की यंत्र काढून घरी कोरड्या जागी ठेवावे, नोंदवलेल्या जागांची प्रत मेमरी कार्डावर घ्यावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. ऑक्टोबरनंतर बंधाऱ्यांना बरगे घातले की पाण्याची पातळी बदलते, तेव्हा नेहमीच्या मार्गावरून एकदा सावकाश फिरून खोलीची नोंद नव्याने करून घ्यावी.