शिकागो बघायला निघालात? या चुका टाळा

शिकागोला चार दिवसांसाठी येणारे मराठी पाहुणे बहुतेक एकच यादी घेऊन येतात: बीन हे शिल्प, विलिस टॉवर ही गगनचुंबी इमारत, तलावातला नेव्ही पिअर हा धक्का, डीप डिश हा जाड पिझ्झा आणि शेवटच्या संध्याकाळी डेव्हॉन हा देशी दुकानांचा रस्ता. ही ठिकाणं शहरभर विखुरलेली आहेत. यादीच्या क्रमाने फिरायला गेलं की निम्मा दिवस प्रवासात जातो, पाय दुखतात आणि आई-बाबा हॉटेलवर परत जाऊ या म्हणतात. इथे राहणारे आम्ही लोक एका दिवशी एकच दिशा धरतो, आणि तुम्हालाही माझं हेच कळकळीचं सांगणं आहे. एक दिवस डाउनटाउन, एक दिवस उत्तरेला, एक दिवस दक्षिणेला. शिकागो मोहल्ल्यांचं शहर आहे. ते निवांत फिरल्याशिवाय कळत नाही.

पत्त्यातला आकडा न वाचणं

स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे शहराचा शून्य आहे. तिथून चारही दिशांना आकडे वाढत जातात आणि साधारण ८०० आकडे म्हणजे एक मैल. डेव्हॉन रस्ता ६४०० नॉर्थवर आहे, म्हणजे मॅडिसनपासून आठ मैल उत्तरेला. हे एकदा डोक्यात बसलं की हॉटेल बुक करतानाच कळतं की ‘डेव्हॉन जवळच आहे’ असं सांगणारा माणूस चुकतोय. मॅडिसनच्या दक्षिणेला पहिल्या तीन मैलांत हे गणित थोडं हलतं: रूझवेल्ट रस्ता एका मैलावर, सरमॅक दोन मैलांवर, एकतिसावा रस्ता तीन मैलांवर. पुढे पुन्हा आठशेचा हिशोब. दिशा चुकली तर मिशिगन तलाव शोधा. तलाव जिकडे, तिकडे पूर्व.

फक्त स्टेशनचं नाव बघून उतरणं

इथल्या लोकलला सगळे ‘एल’ म्हणतात. वेस्टर्न नावाच्या लांबलचक रस्त्यावर जिथे जिथे गाडी थांबते, त्या प्रत्येक स्टेशनचं नाव वेस्टर्न. ब्राउन, ऑरेंज आणि पिंक लाइनवर प्रत्येकी एक आणि एकट्या ब्लू लाइनवर दोन, अशी पाच वेस्टर्न आहेत. त्यामुळे ‘वेस्टर्नला भेटू’ एवढं ठरवून चालत नाही. लाइनचा रंग सांगा आणि ब्लू असेल तर ओहेअर विमानतळाच्या बाजूचं की दुसऱ्या टोकाच्या फॉरेस्ट पार्कच्या बाजूचं, तेही सांगा. हार्लेम स्टेशनाचाही ब्लू लाइनवर हाच घोळ आहे.

ओहेअर विमानतळावरून शहरात यायला ब्लू लाइन उत्तम. ती रात्रभर चालते आणि पाऊण तासात लूपमध्ये, म्हणजे डाउनटाउनच्या मध्यात, आणून सोडते. मिडवे विमानतळाला मात्र ऑरेंज लाइन जाते, तेव्हा तिकिटावर विमानतळाचं नाव आधी बघा. व्हेंट्रा या भाड्याच्या कार्डात पैसे भरले की त्या एका कार्डावर घरातल्या सगळ्यांचं भाडं भरता येतं. प्रत्येकासाठी तेच कार्ड पुन्हा टेकवायचं, एवढंच. दिवसाचा पास मात्र एकाच माणसाचा.

आपले बरेच लोक नेपरविल, ऑरोरा, शॉमबर्ग अशा उपनगरांत राहतात. तिथून येणारी मेट्रा ही वेगळी रेल्वे आहे आणि तिचं तिकीटही वेगळं. परतताना घोटाळा होतो तो स्टेशनचा. नेपरविल, ऑरोरा, शॉमबर्गची गाडी युनियन स्टेशनवरून सुटते, तर पॅलाटाइन आणि आर्लिंग्टन हाइट्सची ओगिल्व्हीवरून. दोन्ही स्टेशनं अगदी जवळजवळ आहेत, पण रात्री एक गाडी चुकली की पुढची बऱ्याच वेळाने असते.

बीनसमोर फोटो काढून थेट नेव्ही पिअर गाठणं

बीन जरूर बघा. त्याचं खरं नाव क्लाउड गेट आणि तो घडवणारे अनिश कपूर जन्माने मुंबईचे. तो बघायला अर्धा तास पुरतो. नंतर लोक पाय ओढत नेव्ही पिअरला जातात आणि महागडं आइस्क्रीम खाऊन येतात. त्याऐवजी मिशिगन अॅव्हेन्यू ओलांडून समोरच्या कल्चरल सेंटरमध्ये शिरा. १८९७ साली शहराचं सार्वजनिक वाचनालय म्हणून ही इमारत उभी राहिली. वरच्या मजल्यावर रंगीत काचांचा टिफनी घुमट आहे, ३८ फूट व्यासाचा. दुपारच्या उजेडात त्याच्याखाली उभं राहून मान वर करा. प्रवेश फुकट आहे, आत बसायला जागा आहे आणि स्वच्छतागृहही. वयस्कर मंडळी बरोबर असली की या शेवटच्या दोन गोष्टींचं मोल कळतं.

तिथून दक्षिणेला थोडं चाललं की आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय. दारातल्या दोन सिंहांबरोबर फोटो काढून पुढे जाणारे आपले कितीतरी लोक मी बघितलेत आणि दर वेळी वाईट वाटतं. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत पहिलं भाषण केलं, ते याच इमारतीत. बाहेरच्या रस्त्याच्या त्या तुकड्याला त्यांचं मानद नाव दिलेलं आहे, पाटी शोधा. आत जायचं तर सुट्टीचे वार आधी तपासा. आठवड्याच्या मध्यावर संग्रहालय बंद असतं.

विलिस टॉवर की नदीतली बोट, असा प्रश्न पडला तर माझं मत बोटीला. वास्तुकलेची माहिती देणारी दीड तासाची सफर घ्या. १८७१च्या आगीनंतर शहर पुन्हा कसं उभं राहिलं ते इमारती दाखवत सांगतात. ज्या नदीतून बोट जाते तिचा प्रवाह १९०० साली उलटा फिरवला, कारण शहराची घाण पिण्याच्या पाण्याच्या तलावात जात होती. विलिस टॉवरच्या वरच्या मजल्यावरून हे काही कळत नाही.

एक अडचण हमखास येते. नदीकाठचा वॅकर ड्राइव्ह एकावर एक मजल्यांचा आहे. खालच्या मजल्यावर फोनचा नकाशा भरकटतो. टॅक्सी बोलावलीत आणि नकाशावर गाडी अगदी तुमच्याजवळ दिसतेय पण समोर नाही, तर ती तुमच्या पायाखालच्या रस्त्यावर आहे. नदीपासून दोन चौक आत चालत जा आणि तिथून बोलवा.

मे महिन्यात जॅकेट न घेणं

उपनगरात ऊन असतं म्हणून लोक पातळ कपड्यांत निघतात आणि तलावाकाठी कुडकुडतात. वसंतात तलावाचं पाणी थंडगार असतं, वारा तिकडून आला की काठावरचा पारा चांगलाच उतरतो. हवामानाच्या बातम्यांत ‘तलावाजवळ थंड’ असं म्हणतात, ते खरं माना. पोहण्यासाठी किनारे साधारण मेअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत खुले असतात. बाकी दिवसांत पाण्यात उतरू नका. हिवाळ्यात आलात तर लूपमध्ये इमारतींखालून जाणारा पेडवे हा भुयारी पादचारी मार्ग वापरा. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी त्याचे काही भाग बंद असतात.

कडकडून भूक लागल्यावर डीप डिश मागवणं

तो भाजायलाच अर्धा-पाऊण तास लागतो. टेबल मिळायच्या आधीच ऑर्डर द्यायची सोय आहे का, ते विचारा. दोन तुकड्यांत पोट भरतं, म्हणून चौघांत दोन मोठे मागवू नका. शिवाय आम्ही रोज काही हा खात नाही. शुक्रवारी घरी येतो तो पातळ, कुरकुरीत आणि चौकोनी तुकडे केलेला पिझ्झा. तो चाखल्याशिवाय जाऊ नका.

बीफ न खाणाऱ्यांनी एक नीट लक्षात ठेवा: शिकागो हॉट डॉगमधलं सॉसेज सहसा बीफचंच असतं. नावावरून कळत नाही आणि काउंटरवर रांग असल्यामुळे कोणी आपणहून सांगत नाही. इटालियन बीफ तर नावातच आहे. पण त्या सँडविचवर घालतात ते जार्डिनिएरा म्हणजे गाजर, सेलरी, फ्लॉवर आणि मिरच्यांचं तेलातलं लोणचं, आणि ते शाकाहारी आहे. दुकानात बरणी मिळते. डाळ-भाताबरोबरही छान लागतं. पिल्सेन या मेक्सिकन मोहल्ल्यात शाकाहारी जेवायचं असेल, तर घोटलेल्या घेवड्यात चरबी घातली आहे का, तेवढं विचारून घ्या. तिथलं मेक्सिकन कला संग्रहालय फुकट आहे.

डेव्हॉन शेवटच्या संध्याकाळी ठेवणं

रविवारी संध्याकाळी डेव्हॉनवर पार्किंग शोधण्यात तास जातो. मधल्या वारी दुपारी जा. गाडी नसेल तर रेड लाइनने लोयोलाला उतरा आणि १५५ नंबरची बस धरा.

भारतातून आलेल्यांनी तिथे मसाले आणि डाळी घेण्यात अर्थ नाही. नव्याने शिकायला आलेल्यांनी मात्र कुकर, तवा, पोळपाट-लाटणं इथूनच घ्यावं. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा साखळीचं पहिलं दुकान १९७४ मध्ये याच रस्त्यावर उघडलं. पाहुण्यांनी इथे खायला यावं: हैदराबादी बिर्याणी, पाकिस्तानी निहारी, गुजराती मिठाई. याच रस्त्याच्या एका तुकड्याला गांधींचं आणि दुसऱ्याला जिनांचं मानद नाव आहे. मिसळ-थालीपीठाची आशा धरू नका. ते हवं असेल तर १९६९ सालापासून चालत आलेल्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम तुमच्या तारखांत आहे का बघा.

खरेदी कुठेही करा, वस्तूवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. शहरात तो दहा टक्क्यांच्या वर आहे.

गाडी भाड्याने घेऊन डाउनटाउनला नेणं

लेमॉन्टचं राममंदिर किंवा बार्टलेटचं स्वामिनारायण मंदिर बघायचं असेल त्या दिवशीच गाडी घ्या. शहरात वेगाचे कॅमेरे आहेत आणि मर्यादेपेक्षा ताशी सहा मैल जास्त झाले तरी दंड येतो. १ डिसेंबर ते १ एप्रिल या काळात काही मोठ्या रस्त्यांवर पहाटे तीन ते सात गाडी लावायला बंदी असते, बर्फ पडो वा न पडो. गाडी उचलून नेतात आणि सोडवायला भरपूर पैसे मोजावे लागतात. म्हणून उतरल्यावर दिव्याच्या खांबावरची पाटी दोन्ही बाजूंनी वाचा आणि तिचा फोटो काढून ठेवा. दंडाची चिठ्ठी मिळालीच तर ती लगेच ऑनलाइन भरा. मुदत उलटली की रक्कम वाढते, आणि गाडी भाड्याची असेल तर कंपनी त्यावर आपला आकार लावते.